स्वतःस उद्देशून

अप्पांचं अक्षर सुंदर होतं, आणि सगळा घोटाळा तिथूनच सुरू झाला. अक्षर गचाळ असलेला माणूस सहसा लोकांना शहाणपण शिकवायला जात नाही. शिकवलंच तर तोंडी शिकवतो, आणि तोंडी शहाणपणाचं एक बरं असतं, ते या कानानं येतं नि त्या कानानं जातं. सुंदर अक्षराच्या माणसाला मात्र रिकामी जागा दिसली की हात शिवशिवतो. त्यात अप्पा एका मोठ्या कचेरीत आवक-जावक विभागाचे हेडक्लार्क. आयुष्यभर दुसऱ्यांनी लिहिलेल्या कागदांवर 'आले' आणि 'गेले' एवढंच लिहायचं. एवढं देखणं वळण, आणि मजकूर मात्र दोन शब्दांचा. कुणाचाही जीव तळमळेल.

बिल्डिंगच्या तळमजल्यावर, लिफ्टच्या दाराला लागून एक काळा फळा होता. 'उद्या पाणी उशिरा येईल', 'गच्चीवर गाद्या वाळत घालू नयेत' असल्या गोष्टी त्याच्यावर असायच्या. एका सकाळी तो कुणीतरी स्वच्छ पुसून ठेवलेला, आणि खालच्या पट्टीवर खडूचा चांगला बोटभर तुकडा. अप्पांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आणि लिहिलं: 'आलेली संधी दवडू नये.' मग दोन पावलं मागे सरकून, मान तिरपी करून त्यांनी 'संधी'तल्या वेलांटीकडे पाहिलं. झोकदार आली होती. अप्पा त्या दिवशी कचेरीत उशिरा पोचले, पण खुशीत पोचले.

संधी हा अप्पांचा लाडका विषय. त्यावरची प्रत्येक म्हण, प्रत्येक वाक्य त्यांना पाठ. आता, त्यांना स्वतःला नोकरीत तीनदा बढती चालून आली होती, बदलीसकट. पहिल्यांदा त्यांनी नाही म्हटलं, कारण तिथलं पाणी जड असतं असं कुणीतरी सांगितलं. दुसऱ्यांदा माईंची पाठ दुखत होती. (माई म्हणजे त्यांची बायको. आपली पाठ दुखत असल्याचं त्यांना या निमित्तानं प्रथमच कळलं.) तिसऱ्यांदा अप्पा कारण शोधत होते तेवढ्यात साहेबांनी दुसऱ्याचंच नाव घातलं. पण म्हणून काय झालं? पोहता न येणारा माणूसच काठावरून जास्त सूचना देतो, आणि अप्पांचा काठ तर पक्का बांधलेला होता.

पहिले काही दिवस छान गेले. येता-जाता लोक थांबायचे, वाचायचे, मान डोलवायचे. पहिल्या मजल्यावरचे दंतवैद्य म्हणाले, दवाखान्यात येणाऱ्यांना वाचून धीर येतो. समोरच्या दारातले वकीलसाहेब म्हणाले, अक्षर म्हणजे कोर्टाच्या निकालासारखं आहे, समजलं नाही तरी पटतं. अप्पांची चाल बदलली. जिन्यानं उतरताना ते हल्ली हात मागे बांधून उतरायचे. विचारवंत लोक कठड्याला धरत नाहीत अशी त्यांची समजूत होती.

मग एके दिवशी त्यांनी लिहिलं: 'दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत.'

हेतू अगदी शुद्ध होता. संधी आणि कुवत यांची गाठ पडत नाही, हे आयुष्याचं दुखणं त्यांना मांडायचं होतं. पण बिल्डिंगच्या चेअरमननी त्याच आठवड्यात सगळे दात काढून घेतले होते, आणि तेही पहिल्या मजल्यावरच्याच दंतवैद्यांकडून. नवी कवळी बसत नव्हती. चेअरमन लिफ्ट बंद असल्यामुळे जिना चढून तिसऱ्या मजल्यावर अप्पांच्या दारात आले, ते धापा टाकतच. दात नसल्यामुळे ते काय बोलत होते ते निम्मं कळत नव्हतं, पण उरलेल्या निम्म्यावरून आधीचं निम्मं कळत होतं. ते गेले नाहीत तोच दंतवैद्य हजर. माझ्या कवळीबद्दल काही म्हणायचं असेल तर तोंडावर म्हणा, भिंतीवर कशाला, असं त्यांचं म्हणणं. अप्पांनी दोघांनाही ही म्हण आपल्या जन्माच्या आधीपासून आहे असं परोपरीनं सांगितलं. त्यावर दोघांचंही उत्तर एकच होतं: मग ती आजच कशी आठवली?

या प्रश्नाला जगात कुणाकडेही उत्तर नाही. तुम्हीही आठवून पाहा.

दुसऱ्या दिवशी अप्पांनी कुणाच्याही शरीराशी संबंध नसलेलं वाक्य निवडलं. 'वेळ कुणासाठी थांबत नाही.' हे लिहिताना त्यांनी शेजारी पाहिलं नाही, एवढीच चूक. शेजारी लिफ्टच्या दारावर कागद चिकटवलेला होता. लोक डावीकडून उजवीकडे सलग वाचत गेले: 'वेळ कुणासाठी थांबत नाही. लिफ्ट बंद आहे.' कुणी हसलं, कुणी फोटो काढला. लिफ्टच्या कंपनीनं जुनी लिफ्ट घेऊन नवी द्यायची तयारी दाखवली होती, फक्त कळवा म्हणाले होते, आणि चेअरमन कळवत नव्हते. त्यामुळे चेअरमन पुन्हा जिना चढून आले. या वेळी कवळी घालून आले होते, त्यामुळे सगळंच कळलं.

अप्पांना वाईट वाटलं. संताप आला असं म्हणत नाही, कारण विचारवंताला संताप येत नाही, त्याला खेद होतो. त्यांनी जेवताना खेद व्यक्त केला. आपण समाजाला दिवा दाखवायला जावं आणि समाजानं वातीचा वास येतो म्हणावं, वगैरे. माई पानात वाढत होत्या. त्या म्हणाल्या, दिवा राहू द्या, आधी चिमीला काय ते उत्तर द्या.

इथे चिमीबद्दल सांगायला हवं. चिमी म्हणजे अप्पा-माईंची एकुलती एक लेक. चिमी हे घरातलं नाव. बाहेर ती चांगली इंजिनिअर होती, एका लहानशा फर्मसाठी गटारांचे नकाशे काढायची. आता तिची एका मोठ्या कंपनीत निवड झाली होती. लांब, डोंगराळ मुलखात बोगदा खणायचं काम, आणि त्या बोगद्याच्या एका तोंडाशी जी तुकडी असणार तिची प्रमुख चिमी. एवढीशी असताना जी पलंगाखाली शिरून बसायची तिला आता कुणीतरी डोंगराखाली शिरायचा पगार देणार होतं. शनिवारी दुपारपर्यंत होकार कळवायचा होता. चिमीनं घरात सांगितलं तेव्हा तिचा आवाज कापत होता, आनंदानं.

आणि अप्पा म्हणाले होते, "बघू."

या घरात 'बघू' ही एक जागा होती. तिथे गेलेली गोष्ट परत आलेली कुणी पाहिली नव्हती. बाल्कनीची जाळी तिथेच गेली होती. डोंगरावरची सहल तिथेच. माईंना एकेकाळी शिवणाचं दुकान काढायचं होतं, गाळाही मिळत होता, ते दुकान गाळ्यासकट 'बघू'मध्ये गेलं आणि त्या गाळ्यात आता कुणीतरी चप्पल विकतं. माई त्या दुकानावरून जाताना दुसऱ्या बाजूनं जायच्या.

अप्पांनी बघितलं मात्र होतं, आपल्या पद्धतीनं. त्यांच्या कचेरीत एक जागा रिकामी होत होती, नकाशे जपून ठेवणाऱ्या विभागात. छताखालची नोकरी, घरचा डबा, संध्याकाळी घरी. साहेबांना त्यांनी परस्पर शब्द टाकला होता आणि सोमवारी मुलीला घेऊन येतो म्हणून सांगितलं होतं. चिमीला त्यांनी समजावलं की हातचं सोडून पळत्याच्या पाठीमागे लागू नये. मग अंथरूण पाहून पाय पसरावे. मग अति तिथे माती, आणि बोगद्यात तर नुसतीच माती.

चिमी म्हणाली, "बाबा, फळ्यावर तर तुम्ही वेगळंच लिहिता."

"फळा लोकांसाठी असतो," अप्पा म्हणाले.

चिमीनं पुढ्यातलं ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, "तुम्ही हो म्हटल्याशिवाय मी जाणार नाही. भांडून गेले तर तुम्ही इथे तोंड पाडून बसणार आणि मी तिथे बोगद्यात रडणार. पण तुम्ही हो म्हणा ना."

पोरगी गेली तर संध्याकाळी कचेरीतून आल्यावर दार कोण उघडेल, हा विचार त्यांच्या मनात आला, आणि तो इतका खरा होता की त्यावर एकही म्हण त्यांना आठवेना. म्हणून ते पुन्हा "बघू" म्हणाले आणि उठले. हा 'बघू' माईंच्या तोंडून सकाळपर्यंत चारही मजल्यांवर पोचला.

जे तोंडानं जमत नाही ते अक्षरानं करावं, असा विचार करून दुसऱ्या दिवशी त्यांनी खास चिमीसाठी फळ्यावर लिहिलं: 'ज्यानं चार पावसाळे जास्त पाहिलेत त्याचं ऐकावं.' ती कामावर जाताना वाचेल, मनात ठसेल, असा हिशोब. चिमी मोबाइलमध्ये बघत तशीच निघून गेली. वाचलं ते वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंनी. त्या आल्या पावली परत गेल्या आणि एक निळी बादली घेऊन खाली आल्या. ती त्यांनी फळ्याखाली ठेवली. वरून गळणारं छत चेअरमननी दुरुस्त करून दिलं नव्हतं. गेले चार पावसाळे ही बादली आमच्या पलंगावर असते, त्या शांतपणे म्हणाल्या, आमचं ऐकतं का कुणी? शिक्षिका असल्यामुळे त्यांना आवाज न चढवता सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल असं बोलता येत होतं. चेअरमन तिसऱ्यांदा जिना चढून आले. आता त्यांना चढायची सवय होत चालली होती.

लेकी बोले सुने लागे, ही म्हण आपल्याकडे ज्यानं केली तो नक्की एखाद्या बिल्डिंगमध्ये राहत असणार. सुनेला सांगायचं ते लेकीला सांगावं, म्हणजे सुनेला बरोबर लागतं. अप्पांचं उलटंच होत होतं. त्यांनी लेकीला बोललेलं चारही मजल्यांवर लागत होतं, फक्त लेकीला लागत नव्हतं.

आणि हे एकदा लोकांच्या लक्षात आल्यावर फळ्याला गिऱ्हाईक आलं. दुसऱ्या मजल्यावरच्या सासूबाई दुपारी येऊन बसल्या. इकडचं तिकडचं बोलल्या आणि मग सहज म्हणून एक सुविचार सुचवला: 'बाहेर उजेड पाडणाऱ्यांनी आधी घरातले दिवे पाहावेत.' त्यांची सून गाडी चालवायला शिकत होती. अप्पांनी सांगितलं की फळा वैयक्तिक कारणांसाठी नाही. सासूबाई म्हणाल्या, हे वैयक्तिक नाही, सूनच वैयक्तिक आहे. संध्याकाळी सून आली. तिनंही एक वाक्य आणलं होतं, त्यात वय, जीभ आणि कुलूप असे तीन शब्द होते. अप्पांनी दोन्ही वाक्यं नाकारली, तेव्हा आयुष्यात पहिल्यांदाच सासूसुनांचं एका बाबतीत एकमत झालं, ते म्हणजे अप्पा आढ्यतेखोर आहेत.

चेअरमननी तातडीनं सुविचार उपसमिती नेमली. तीत स्वतः चेअरमन, दंतवैद्य आणि वकीलसाहेब. सुविचार आदल्या दिवशी समितीपुढे ठेवायचा, कुणाच्याही भावना दुखावत नाहीत अशी खात्री झाल्यावर समितीनं तो मंजूर करायचा, आणि मगच खडू मिळायचा. खडू चेअरमनच्या घरी ठेवलेला. अप्पांनी आयुष्यभर लोकांच्या अर्जांवर 'त्रुटी पूर्ण करून पुन्हा सादर करावा' असं सुंदर अक्षरात लिहिलं होतं. आता ते स्वतः दारात उभे होते, आणि आत चेअरमन चहा पीत म्हणत होते, बघतो, ठेवून जा.

'अनुभव हाच खरा गुरू' हे वाक्य शिक्षिकाबाईंना लागेल म्हणून गेलं. 'पुढच्यास ठेच, मागचा शहाणा' हे जिन्याच्या तुटक्या पायरीमुळे गेलं. 'प्रयत्नांती यश' घ्यायला हरकत नव्हती, पण सून गाडीच्या परीक्षेत दोनदा नापास झाली आहे याकडे दंतवैद्यांनी लक्ष वेधलं. शेवटी अप्पांनी रागानं, चुकलो, खेदानं लिहून दिलं: 'आज मंगळवार आहे.' हे एकमतानं मंजूर झालं. फळ्यावर लागलं. आणि दुपारी खुद्द चेअरमनच तणतणत आले, कारण लिफ्टचा माणूस मंगळवारी येतो म्हणाला होता आणि आला नव्हता. मंजुरीच्या वेळी हे आपल्या ध्यानात आलं नव्हतं, अप्पांनी ते मुद्दाम आणून दिलं नाही, असा त्यांचा आरोप होता.

अप्पांनी फळा पुसून कोरा ठेवला. त्यावर दंतवैद्यांनी लेखी विचारणा केली की हा अबोला नेमका कुणाशी आहे.

शुक्रवारी संध्याकाळी पार्किंगमध्ये बैठक बोलावली. खुर्च्या ज्यानं त्यानं आपापल्या आणायच्या होत्या, त्यामुळे कुणी सोफ्याची खुर्ची आणली, कुणी स्टूल. अप्पा मधोमध एका लाकडी खुर्चीवर, आरोपीसारखे. एकेक जण उठून आपल्याला कुठलं वाक्य कुठे लागलं ते सांगू लागला. शिक्षिकाबाईंनी बादली आणली होती. सासूबाई म्हणाल्या, न लिहिलेलं वाक्यसुद्धा आपल्याला लागलं आहे. अप्पा उभे राहिले. आपण कुणालाही उद्देशून कधीही काहीही लिहिलेलं नाही, आपण तत्त्वं लिहितो, तत्त्वांना घर नंबर नसतो, असं ते म्हणाले. कुणावरही परिणाम झाला नाही.

तेव्हा मागच्या रांगेतून माई म्हणाल्या, "एवढंच ना? मग खाली एक ओळ लिहायला लावा त्यांना. की हे मी कुणाला नाही, मलाच म्हणतोय."

पार्किंगमधल्या सगळ्या माना मागे वळल्या. मग वकीलसाहेबांचे डोळे चमकले. निवृत्तीनंतर त्यांना मसुदा करायला असं काही मिळालं नव्हतं. त्यांनी उभ्याउभ्याच सांगितलं: 'सदर सुविचार लेखकाने पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दबावाविना केवळ स्वतःस उद्देशून लिहिला असून, इमारतीतील कोणताही सभासद, दात, लिफ्ट, छत अथवा सून यांच्याशी त्याचा संबंध नाही.' खाली पूर्ण सही. ठराव टाळ्यांनी मंजूर झाला. अप्पांना तो पराभव वाटला, पण खडू परत मिळत होता. त्यांनी मान हलवली. घरी जाताना माई चिमीच्या खांद्यावर हात ठेवून चालत होत्या, आणि अप्पा खुर्ची उचलून मागे.

त्या रात्री अप्पांना झोप अशी लागली नाही. ते कूस बदलत एकच वाक्य घडवत होते. आजवर त्यांनी खरोखरच कुणाला उद्देशून टोमणा मारला नव्हता, चिमीचा अपवाद सोडला तर. पण आता त्यांचं ठरलं होतं. चेअरमनला असा टोला द्यायचा की कवळी खाली पडली पाहिजे. लिफ्टवाले नवी लिफ्ट घेऊन दारात उभे आणि हे गृहस्थ म्हणतात बघू, बघतो, बघू या. शिवाय खाली कायदेशीर ओळ असल्यामुळे चेअरमनना तक्रारही करता येणार नाही. अप्पांना अंधारात हसू आलं.

शनिवारी सकाळी त्यांनी लिहिलं. आजवरचं सगळ्यात देखणं अक्षर:

'संधी दारात उभी असताना जो "बघू" म्हणतो, तो पुढे नुसता बघत बसतो.'

त्याखाली वकीलसाहेबांची ओळ, शब्दन् शब्द. त्याखाली पूर्ण सही, आवक-जावक विभागात करतात तशी, शेवटी दोन टिंबांसह. दोन पावलं मागे, मान तिरपी. मग वर येऊन ते शांतपणे आंघोळीला गेले. आंघोळ करताना ते गुणगुणत होते.

बाहेर आले तर घरात माणसं. दंतवैद्य हात पुढे करून उभे होते. ते म्हणाले, अप्पा, गैरसमज झाला होता, पण आज मानलं. शिक्षिकाबाईंचे डोळे ओले होते. सगळ्या बिल्डिंगसमोर आपली चूक अशी कबूल करायला छाती लागते, त्या म्हणाल्या, माझ्या वडिलांना नाही जमलं. वकीलसाहेब म्हणाले, मसुद्याचा इतका उदात्त उपयोग त्यांनी उभ्या वकिलीत पाहिला नव्हता. आणि सगळ्यांच्या पुढे, कवळी नीट बसलेले, प्रसन्न मुद्रेचे चेअरमन. त्यांनी अप्पांच्या ओल्या पाठीवर थाप मारली. "वाक्य वाचलं नि काळजात काहीतरी हललं. म्हटलं, हे मला लागतंय का? मग खालची ओळ वाचली. बरं वाटलं. मुलीला पाठवताय ते उत्तम करताय."

टॉवेल सावरत अप्पा म्हणाले, "मुलीला?"

तेवढ्यात चिमी आली. ती खाली दूध आणायला गेली होती आणि दूध न घेताच परत आली होती. चारचौघांसमोर तिनं अप्पांना मिठी मारली, लहानपणी मारायची तशी, गुडघ्यांऐवजी आता गळ्याला. ती रडत होती आणि हसतही होती.

"बाबा, हे मला तोंडानं सांगितलं असतं तरी चाललं असतं. मी कळवून टाकलं. फोनवर हो म्हणाले. सोमवारी निघायचंय."

अप्पांनी तोंड उघडलं. खरं काय ते सांगायला फक्त एक वाक्य पुरलं असतं: ते मी चेअरमनना म्हटलं होतं. चेअरमन समोरच होते. खाली सही होती, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दबावाविना. आणि गळ्यात चिमी होती, जी गेल्या कित्येक दिवसांत घरात अशी हसलेली त्यांनी पाहिली नव्हती. हे त्यांना आत्ता कळलं, ती हसल्यावर.

"बोला की," स्वयंपाकघराच्या दारातून माई म्हणाल्या. "काहीतरी म्हणत होतात ना?"

अप्पांनी तोंड मिटलं. परत उघडलं. म्हणाले, "बॅग कुठली नेणार? मोठीचं चाक मोडलंय."

लोक पांगल्यावर ते स्वयंपाकघरात गेले. माई चहा गाळत होत्या. अप्पांनी दबक्या आवाजात विचारलं की ती ओळ सुचवताना त्यांच्या मनात काय होतं. माईंनी कप त्यांच्या हातात दिला.

"काही नाही. लग्न झाल्यापासून तुमच्या तोंडून संधीवर ऐकतेय. म्हटलं, आज ना उद्या काहीतरी तसलंच लिहाल. खाली सही असली म्हणजे झालं." मग थोडं थांबून म्हणाल्या, "माझ्या दुकानाच्या वेळी फळा नव्हता."

यावर अप्पा काही बोलले नाहीत. चहात साखर नव्हती, तेही बोलले नाहीत.

कचेरीत त्यांनी साहेबांना फोन करून कळवलं. साहेब म्हणाले, आलेली संधी दवडली हो तुमच्या मुलीनं. अप्पा म्हणाले, होय साहेब.

सोमवारी लिफ्ट बंदच होती. नवी लिफ्ट अजून दूर होती, कारण त्या सबंध बिल्डिंगमध्ये ज्या एका माणसाला ते वाक्य लागायला हवं होतं, त्यानं खालची ओळ वाचून निःश्वास टाकला होता. त्यामुळे चाक मोडलेली मोठी बॅग अप्पांनी स्वतः खांद्यावर घेऊन जिन्यानं उतरवली. चिमी मला द्या, मला द्या म्हणत होती. माई म्हणाल्या, राहू दे, त्यांना उचलू दे. प्रत्येक मजल्यावर ते थांबले, दम खाल्ला, आणि प्रत्येक मजल्यावर कुणी ना कुणी दारात येऊन चिमीला जपून राहा म्हणालं. सासूबाई आणि सून एकाच दारातून म्हणाल्या.

खाली फळ्यावर शनिवारचं वाक्य तसंच होतं. समितीनं ते पुसायचं नाही असा ठराव केला होता. चिमीनं टॅक्सीत बसण्याआधी त्याचा फोटो काढला. अप्पांना म्हणाली, बोगद्याच्या ऑफिसात लावणार. अप्पा म्हणाले, वेलांटी नीट आलीय का बघ. एवढंच म्हणाले आणि मान वळवली, कारण डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं आणि विचारवंताला रुमाल घरी विसरायची सवय असते.

टॅक्सी कोपऱ्यावरून वळली. माई वर गेल्या. अप्पा फाटकाशी तसेच उभे राहिले. रस्त्यावर काहीही नव्हतं, तरी उभे राहिले. वर जाऊन संध्याकाळची वाट बघायची, आणि संध्याकाळी दार वाजलं तरी ती चिमी नसणार, याची त्यांना घाई नव्हती.

चेअरमन फिरून येत होते. त्यांनी अप्पांकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं.

"काय अप्पा, इथे काय करताय?"

"काही नाही," अप्पा म्हणाले. "नुसता बघतोय."